दुर्बिणीतून शस्त्रक्रिया चालू असताना मेंदूला पुरेसा प्राणवायू मिळतो आहे, हे कसे कळते?

उंबरठा :

माझी आई ७२ वर्षांची आहे. पित्ताशयातील खड्यांसाठी तिची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया ठरली आहे. मध्यंतरी एक खडा पित्तनलिकेत अडकून तिला कावीळ झाली होती. तो खडा एंडोस्कोपीने काढला आणि कावीळ आता उतरणीला लागली आहे. तिला पंधरा वर्षांपासून उच्च रक्तदाब असून गोळ्या नियमित चालू आहेत.

माझ्या काळजीचे कारण जुने आहे. पाच वर्षांपूर्वी मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झाल्यावर आई तीन दिवस भ्रमिष्टासारखी वागत होती. ती रात्री सलाईनची नळी ओढायची आणि मला मावशीच्या नावाने हाका मारायची. ‘वयामुळे होते असे’, एवढेच उत्तर तेव्हा मिळाले. चौथ्या दिवशी ती पूर्ववत झाली, पण त्या तीन रात्री मी विसरू शकलेले नाही.

या वेळी तपासणीसाठी गेलो असता भूलतज्ज्ञांनी सांगितले की, शस्त्रक्रियेच्या वेळी कपाळावर दोन पट्ट्या चिकटवून मेंदूतील प्राणवायूवरही लक्ष ठेवले जाईल. वेळ कमी असल्याने अधिक विचारता आले नाही. माझे प्रश्न असे आहेत : बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९८ किंवा ९९ दिसत असताना मेंदूला प्राणवायू कमी पडू शकतो का? पोटात वायू भरल्याने मेंदूवर काही परिणाम होतो का? आणि आधीसारखा भ्रम पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही घरच्यांनी काय करावे?

शांतनिद्रा :

मी भूलतज्ज्ञ आहे. आपल्या आईंना मी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांच्याविषयीचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच राहील. मी केवळ शस्त्रक्रियेच्या खोलीत काय घडत असते ते सांगतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. बोटावरचा ऑक्सिमीटर धमनीतील रक्तात प्राणवायू किती भरला आहे हे सांगतो. ते रक्त कुठे आणि किती पोहोचते आहे, हे तो सांगत नाही. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी वरच्या मजल्याच्या नळाला धार येईलच असे नाही, तसाच हा प्रकार आहे. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असते, पण विश्रांतीच्या स्थितीत शरीर वापरत असलेल्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकट्या मेंदूला लागतो. त्याच्याजवळ प्राणवायूचा साठा जवळपास नसतो. त्यामुळे त्याचा पुरवठा दर मिनिटाला चालू राहावा लागतो आणि हा पुरवठा रक्तदाब, रक्तातील कार्बन डायऑक्साइड, हिमोग्लोबिन आणि हृदयाची पंप करण्याची ताकद या सगळ्यांवर अवलंबून असतो.

आता पोटात भरल्या जाणाऱ्या वायूविषयी. पोटाची भिंत आतल्या अवयवांपासून वर उचलली जावी आणि दुर्बिणीला मोकळी जागा मिळावी, म्हणून साधारणपणे १२ ते १५ मिमी पारा इतक्या दाबाने कार्बन डायऑक्साइड भरला जातो. हा वायू ज्वलनशील नाही आणि रक्तात सहज विरघळून फुप्फुसांवाटे बाहेर पडतो, हे त्याच्या निवडीचे कारण. पण तो विरघळतो म्हणूनच रक्तातील त्याचे प्रमाण वाढू लागते आणि कृत्रिम श्वासाचा वेग वाढवून आम्हाला तो बाहेर काढावा लागतो. इथे एक नाजूक गोष्ट आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्या कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत फार संवेदनशील असतात : तो वाढला की त्या रुंदावतात, घटला की आकसतात. ढोबळमानाने रक्तातील या वायूच्या दाबात होणाऱ्या दर १ मिमी पारा बदलामागे मेंदूचा रक्तप्रवाह २ ते ४ टक्क्यांनी बदलतो. म्हणजे वायू साचू दिला तर कवटीच्या आतील दाब वाढतो, आणि तो साचण्याच्या भीतीने श्वास गरजेपेक्षा जोरात दिला तर मेंदूचा रक्तपुरवठा आपणच आखडून टाकतो. नव्याने शिकणाऱ्या डॉक्टरांच्या हातून दुसरी चूक अधिक होते, कारण पडद्यावरचा आकडा तेव्हा छान दिसत असतो. शिवाय बाहेर टाकलेल्या श्वासात मोजलेला कार्बन डायऑक्साइड धमनीतील प्रमाणापेक्षा थोडा कमीच असतो आणि वृद्धांमध्ये किंवा फुप्फुसांचा आजार असलेल्यांमध्ये ही तफावत वाढते. म्हणून शंका आली की धमनीतील रक्ताचा नमुना घेऊन ताळा करून पाहणे चांगले.

पोट फुगवल्यामुळे आणखी दोन गोष्टी घडतात. पोटातील मोठ्या शिरेवर दाब येऊन हृदयाकडे परतणारे रक्त कमी होऊ शकते. आणि छाती व पोट यांमधला श्वासाचा पडदा वर ढकलला गेल्याने छातीतील दाब वाढतो, त्यामुळे डोक्यातून खाली येणाऱ्या शिरांनाही अडथळा होतो. वायू भरण्याच्या पहिल्या काही क्षणांत पोटाचे अस्तर ताणले जाऊन हृदयाचे ठोके एकदम मंदावण्याची शक्यता असते. तसे झाले तर वायू सोडून दिला जातो आणि गरज पडल्यास औषध दिले जाते. म्हणूनच वायू सावकाश भरावा, असा आमचा सर्जनकडे आग्रह असतो.

यात टेबलाच्या कलाची भर पडते. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत आतडी खाली सरकावीत म्हणून डोक्याची बाजू उंच केली जाते. त्यामुळे रक्त पायांकडे साचते आणि दंडावर मोजलेला रक्तदाब मेंदूच्या पातळीवर तितका उरत नाही. उंचीतील प्रत्येक सेंटिमीटरमागे सुमारे पाऊण मिमी पारा वजा करावा लागतो. प्रोस्टेट किंवा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेत याच्या उलट डोके बरेच खाली केले जाते. तिथे रक्त मेंदूकडे जाते खरे, पण परत येताना अडखळते आणि काही तासांनी चेहरा व डोळे सुजलेले दिसतात. आपल्या आईंच्या बाबतीत पहिला प्रकार लागू आहे.

त्यांच्या उच्च रक्तदाबाचा संबंध इथेच येतो. रक्तदाब थोडाफार वर-खाली झाला तरी निरोगी मेंदू आपला रक्तप्रवाह स्थिर राखतो. पण अनेक वर्षांच्या रक्तदाबानंतर ही सांभाळून घेण्याची खालची मर्यादा वर सरकते. तरुण माणसाला सरासरी (वरच्या आणि खालच्या आकड्यांवरून काढलेला) ६० मिमी पारा दाब पुरून जातो, तो आपल्या आईंना पुरेलच असे नाही. म्हणून ‘त्यांचा नेहमीचा दाब किती?’ या प्रश्नाचे खरे उत्तर भूलतज्ज्ञाच्या फार उपयोगी पडते. शस्त्रक्रियेच्या दिवशी घाबरलेल्या अवस्थेत घेतलेले माप त्यासाठी चालत नाही. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजलेले आकडे कागदावर लिहून न्या.

कपाळावरच्या पट्ट्यांचे तत्त्व १९७७ साली फ्रान्स य्योबसिस यांनी मांडले. साधारण ७०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना जवळपास न दिसणारा प्रकाश त्वचा आणि हाड ओलांडून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत पोहोचतो. परत येणाऱ्या प्रकाशावरून तिथल्या हिमोग्लोबिनपैकी किती प्राणवायूयुक्त आहे, याचा अंदाज बांधता येतो. तिथले बहुतांश रक्त शिरांमधले असल्याने हा आकडा ९८ नसतो. तो बहुधा ६० ते ७५ च्या दरम्यान असतो, आणि तेवढा दिसला तर घाबरू नये. माणसागणिक तो वेगळा असल्याने भूल देण्यापूर्वी, जागेपणी घेतलेले माप हाच प्रत्येकाचा पाया धरतात. त्यापासून तो सुमारे २० टक्क्यांनी घसरला, म्हणजे ६५ वरून ५२ वर आला, की आम्ही हालचाल करतो : मान वळलेली किंवा आवळलेली नाही ना ते पाहतो, रक्तदाब वाढवतो, श्वासाचा वेग कमी करून कार्बन डायऑक्साइड थोडा वर येऊ देतो, प्राणवायूचे प्रमाण वाढवतो, हिमोग्लोबिन तपासतो आणि तरीही जमले नाही तर सर्जनला वायूचा दाब कमी करण्यास किंवा टेबल सपाट करण्यास सांगतो. यातली निम्मी कामे एका मिनिटात होतात.

शंकासुर :

वरील माहिती बिनचूक आहे. तरीही मी अतिदक्षता विभागात काम करतो आणि नावाला जागून एक शंका मांडणे मला आवश्यक वाटते. पट्ट्या लावल्या म्हणजे भ्रम होणार नाही, असा समज या चर्चेतून होऊ नये.

साठ वर्षांवरील १२१८ रुग्णांचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. हृदयाव्यतिरिक्त इतर मोठ्या शस्त्रक्रियांनंतर स्मरण आणि विचारशक्ती कितपत मंदावते, हे त्यात पाहिले होते. आठवड्यानंतर २५.८ टक्के आणि तीन महिन्यांनंतर ९.९ टक्के रुग्णांत घट आढळली. सर्वांची अपेक्षा होती की ज्यांचा प्राणवायू किंवा रक्तदाब घसरला, त्यांच्यात ही घट अधिक दिसेल. तसा संबंध आढळला नाही! संबंध आढळला तो वाढते वय, भुलेचा कालावधी, दुसऱ्यांदा करावी लागलेली शस्त्रक्रिया, नंतर झालेला जंतुसंसर्ग आणि श्वसनाचे त्रास यांच्याशी. पुढे २०१८ साली वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने कपाळावरील या मोजमापाविषयीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही मेंदूविषयक परिणाम सुधारतात असे खात्रीने सांगता येईल इतका पुरावा हाती लागला नाही.

उंबरठाताई, आपल्या आईंना मागच्या वेळी जे झाले त्याला आम्ही डिलिरियम म्हणतो. मांडीचे हाड मोडल्यानंतर तो वृद्धांमध्ये फार वेळा दिसतो. वेदना, रक्तस्राव, शरीरातील दाह, झोपमोड, अनोळखी जागा, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता आणि विशिष्ट औषधे अशी त्याची अनेक कारणे असतात. प्राणवायू हे त्यांपैकी एक. पित्ताशयाची ठरवून केलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया त्या मानाने बरीच सौम्य असते, ही आपल्यासाठी दिलाशाची बाब आहे. मात्र पूर्वी एकदा डिलिरियम झाला होता ही गोष्ट भूलतज्ज्ञ, सर्जन आणि वॉर्डातील परिचारिका या तिघांनाही स्वतंत्रपणे सांगा. एकाला सांगितलेले दुसऱ्यापर्यंत पोहोचते, असे गृहीत धरू नका.

शांतनिद्रा :

शंकासुरांचा मुद्दा मला मान्य आहे. भ्रमाविरुद्ध हे कवच आहे असे मीही म्हणणार नाही. पण १९९८ च्या त्या अभ्यासात प्राणवायू बोटावरच मोजला होता, हे विसरता कामा नये. मेंदूत काय चालले आहे ते त्या मापाला दिसत नाही, असेच तर मी वर लिहिले आहे. त्यामुळे त्या निष्कर्षावरून मेंदूतील घसरण निरुपद्रवी ठरत नाही. वृद्धांच्या पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांवरील २००५ सालच्या एका अभ्यासात, आकडा पाहून वेळीच उपाय केलेल्या गटात मेंदूतील घसरण कमी राहिली होती. त्याचा अंतिम फायदा किती, यावर मात्र वाद शिल्लक आहे.

माझ्या दृष्टीने या यंत्राचा उपयोग वेगळाच आहे. रक्तदाब वाढवण्यासाठी आम्ही जी औषधे वापरतो, त्यांपैकी फेनिलएफ्रिन हे केवळ रक्तवाहिन्या आवळणारे औषध दाबाचा आकडा उत्तम वाढवते, पण मेंदूवरच्या पट्टीचा आकडा बऱ्याचदा त्याच वेळी खाली जातो. हृदयाची गती व जोर वाढवणाऱ्या एफेड्रिनने असे सहसा होत नाही. पट्टी नसती तर दोन्ही वेळा मी दाबाकडे पाहून समाधानी झालो असतो.

डावखुरा :

विषय पोटाचा असला तरी एक जोड देतो. माझ्या खांद्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली तेव्हा मला आरामखुर्चीसारखे बसवून भूल देणार होते. बसलेल्या स्थितीत मेंदू दंडापेक्षा २० सेंटिमीटर किंवा अधिक उंच असतो, म्हणजे दंडावरचा दाब ७० असेल तर मेंदूपाशी तो ५५ च्याच आसपास उरतो, हे माझ्या भूलतज्ज्ञांनी कागदावर आकृती काढून दाखवले होते. या स्थितीत केलेल्या शस्त्रक्रियांनंतर मेंदूला इजा झाल्याच्या तुरळक, पण गंभीर घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. ‘आपण मेंदूच्या उंचीनुसार दाब धरता का?’ हा प्रश्न विचारल्याने कोणी रागावत नाही. माझ्या डॉक्टरांना तर तो आवडला.

रात्रपाळी :

मी शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डात परिचारिका आहे. शस्त्रक्रियेच्या खोलीतले दीड-दोन तास डॉक्टर सांभाळतात. पुढच्या तीन रात्री रुग्ण आमच्या आणि नातेवाइकांच्या हाती असतो. त्याबद्दल वर फारसे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते.

आईंचा चष्मा, श्रवणयंत्र आणि दातांची कवळी रिकव्हरी रूमच्या दारापर्यंत घेऊन या आणि त्या शुद्धीवर आल्यावर लगेच द्या. ज्याला नीट दिसत नाही आणि ऐकू येत नाही, तो म्हातारा माणूस भ्रमात पटकन जातो. ओळखीचा एक चेहरा जवळ असावा, पण दहा जणांची गर्दी नसावी. आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत, काय झाले, हे बोलता बोलता सांगत राहावे. दिवसा खिडकीचा पडदा उघडा ठेवावा, रात्री दिवे मंद करावेत. या गोष्टी किरकोळ वाटतात, परंतु वृद्धांसाठी अशाच साध्या उपायांचा एकत्रित कार्यक्रम राबवून केलेला अभ्यास १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला होता. वैद्यकीय विभागात दाखल झालेल्या रुग्णांमधले डिलिरियमचे प्रमाण त्यात १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलेले दिसले. औषधाची एकही नवी गोळी त्यात नव्हती.

वेदना लपवू देऊ नका. ‘सहन होतेय’ म्हणणाऱ्या बायका मी रोज पाहते. पोट दुखते म्हणून त्या खोल श्वास घेत नाहीत, खोकत नाहीत, मग फुप्फुसांचा खालचा भाग मिटतो आणि मध्यरात्री ऑक्सिजन घसरतो. मॉनिटर काढल्यानंतरच्या रात्रींमध्ये हे घडते आणि तेव्हा बघायला कोणी उभे नसते. खांद्याच्या टोकाशी दुखू लागले तर घाबरू नका. श्वासाच्या पडद्याखाली उरलेल्या वायूमुळे तिथल्या मज्जातंतूला त्रास होतो आणि वेदना खांद्यात जाणवते. बहुधा ती एक-दोन दिवसांत ओसरते. पण धाप, छातीत दुखणे किंवा वाढत जाणारी पोटदुखी असेल तर ताबडतोब कळवा.

एक गोष्ट नातेवाइकांच्या हमखास नजरेतून सुटते. भ्रम झालेला प्रत्येक रुग्ण आरडाओरडा करत नाही. दिवसभर गप्प पडून राहणारी, विचारले तर उशिरा उत्तर देणारी, जेवणाकडे पाठ फिरवणारी आजी ‘शांत झोपली आहे’ असे सर्वांना वाटते, आणि तोच भ्रमाचा दुसरा प्रकार असतो. आईंचे रोजचे वागणे आपल्याला ठाऊक आहे, आम्हाला नाही. म्हणून ‘ही अशी नसते’ हे वाक्य बेधडक म्हणा.

उंबरठा :

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या आहेत. आई गेली काही वर्षे रात्री झोपेची अर्धी गोळी घेते. भुलेत अडचण नको म्हणून ती आताच बंद करावी का? रक्तदाबाच्या दोन गोळ्यांचे काय करायचे? दुसरे असे की, उपाशीपोटी राहण्याच्या सूचनेमुळे आई मागच्या वेळी आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा प्यायली नव्हती. तसे आवश्यक असते का? आणि डोळ्यांत अजून किंचित पिवळेपणा दिसतो. त्याने कपाळावरच्या त्या मापात फरक पडतो का, हे सहज मनात आले म्हणून विचारते.

शांतनिद्रा :

झोपेची गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. अनेक वर्षांची सवय अचानक तुटली तर तेच भ्रमाचे कारण ठरू शकते. गोळीचे नाव आणि मात्रा मात्र भूलतज्ज्ञांना नक्की सांगा, कारण त्याच गटातील औषध शस्त्रक्रियेच्या टेबलावर वरून देणे त्यांना टाळता येईल. अशा रुग्णांत मी स्वतः मिडाझोलाम हे त्याच गटातील गुंगीचे औषध देत नाही, आणि ठोके वाढवण्यासाठी किंवा लाळ कमी करण्यासाठी काही द्यायचेच झाले तर मेंदूत न शिरणारे ग्लायकोपायरोलेट निवडतो. अर्थात वायू भरताना ठोके एकदम कोसळले तर मेंदूत शिरणारे असले तरी ॲट्रोपिन द्यावेच लागते. तिथे विचार करत बसायला वेळ नसतो.

रक्तदाबाच्या गोळ्यांचा नियम गोळीनुसार बदलतो. ‘-ओलॉल’ शेवटी असलेली बीटा-ब्लॉकर गटातील गोळी सहसा शस्त्रक्रियेच्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत चालू ठेवतात. ‘-सार्टन’ किंवा ‘-प्रिल’ शेवटी असलेल्या गोळ्या बरेच भूलतज्ज्ञ २४ तास आधी थांबवतात, कारण त्यांच्यामुळे भुलेनंतर दाब हट्टाने खाली राहतो आणि डोके उंच केल्यावर हीच गोष्ट मेंदूला महागात पडते. यावर सर्वांचे एकमत नाही. म्हणून पाकिटे सोबत नेऊन लेखी सूचना घ्या.

पाण्याविषयी : पचनात विशेष अडथळा नसलेल्या रुग्णाने घन आहार ६ तास आधी थांबवावा आणि साधे पाणी शस्त्रक्रियेच्या २ तास आधीपर्यंत घ्यावे, हा आज सर्वत्र मान्य असलेला नियम आहे. रात्रभर कोरडी राहिलेली वृद्ध व्यक्ती भूल देताच दाब गमावते. यादीत आपला क्रमांक कितवा आहे, हे आदल्या संध्याकाळी विचारा, म्हणजे ते २ तास नेमके कुठून मोजायचे ते कळेल.

काविळीचा प्रश्न आपण सहज विचारलात, पण तो फार नेमका आहे. रक्तातील बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य, बरेच वाढलेले असेल तर कपाळावरचे माप प्रत्यक्षापेक्षा खोटे कमी दिसू शकते. त्वचेतील रंगद्रव्याचाही काही यंत्रांवर असा परिणाम होतो. तेव्हा ‘५० च्या खाली गेला’ अशा ठरावीक रेषेला अर्थ उरत नाही आणि जागेपणीच्या मापापासून किती फरक पडला एवढेच पाहावे लागते. आईंची कावीळ उतरत असल्याने कदाचित अडचण येणारही नाही. तरीही बिलिरुबिनचा सर्वांत ताजा अहवाल फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि पट्ट्या चिकटवण्यापूर्वी तो भूलतज्ज्ञांच्या हातात द्या.